विस्तव नेणारी बुडकुली

मी एक जुनी बुडकुली आहे, लिंबाएवढी, अंगाला पाच भोकं असलेली. मित्रांनो, मला कुण्या कुंभाराने घडवलेले नाही. माझ्या कर्त्यांना हातच नव्हते.

ते फार दूरच्या एका ताऱ्यापाशी राहत. अंगठ्याएवढे जीव, जे काही करायचे ते तोंडाने. वीज पडून आग लागली की विस्तव घरी न्यावासा वाटे, पण निखारा उचलला की ओठ पोळत. अशा कित्येक पिढ्या पोळल्या. मग एका हट्टी म्हातारीने पोळल्या तोंडाला ओला चिखल थापला आणि तशीच पुन्हा निखाऱ्याला भिडली. चिखल भाजून कडक झाला, सुटून खाली पडला. ती पहिली वाटी! वाटीची पुढे बुडकुली झाली, तिला पाच भोकं, भोकांत गवताच्या दोऱ्या, आणि दोऱ्या पाच जणांच्या दातांत. एकट्याला विस्तव नेताच येत नसे. त्यांची सगळी विद्या इथूनच सुरू झाली.

पुढे ते आकाशात हिंडू लागले, तेव्हाही मला मानाने बरोबर नेत. १९५३ साली पेठ वडगावजवळच्या एका गुऱ्हाळावर ऊब पाहून उतरले, उसाचा रस उकळणाऱ्या काहिलीच्या वाफेला घाबरून पळाले आणि मला उसाच्या चिपाडात विसरले. मला फार वाईट वाटले.

तिथे गूळ रांधणाऱ्या केरबा गुळव्याला वाटले, हे कुंभारीण माशीचे घर. तो मला चुलाणाच्या जाळात भिरकावणार, तोच चिमणाबाई ओरडली, "थांब की! कुंभारणीच्या घराला पाच भोकं असत्यात व्हय?"

गुऱ्हाळावर राबणाऱ्या, घरी एकट्या राहणाऱ्या या बाईचे दोन्ही हात उकळती काकवी उडून भाजले होते. हातांना फडकी गुंडाळलेली. मुरगूडहून भाऊ बाळासो तिला न्यायला आला होता.

"आक्का, चूल कशी पेटवशील? चल घरला."

एकदा गेले की आपले घर कायमचे मिटले, अशी तिने धास्ती घेतली होती. ती म्हणाली, "भाकरी शेजारणी देतील. उद्या चूल पेटली न्हाय तर येतो मी. पेटली तर तू एकटाच जायाचं."

सकाळी तिच्या सांगण्यावरून केरबाने माझ्या भोकांत काथ्या ओवला, चिमट्याने निखारा टाकला. चिमणाबाईने गाठ दातांत धरली आणि घर गाठले. दात, दोरी, ऊब! मला माहेरी आल्यासारखे झाले. तिने मला चुलीत चिपाडावर कलते केले आणि फुंकर घातली. नुसता धूर. पुन्हा फुंकली. भडका उडाला!

"धूर गेला डोळ्यात," म्हणत बाळासोने डोळे पुसले आणि एकटाच मुरगूडची एसटी धरली.

महिन्याने फडकी सुटली. बोटे वळतील का, याची सगळ्यांना काळजी. चिमणाबाईने आधी मला उचलले. माझ्या पाच भोकांवर तिची पाच बोटे वळून बरोबर बसली. केरबाने "हुश्श!" केले.

आता चूल काडेपेटीने पेटते. मी कोनाड्यात असते, धूळ खाते, कधी रुसते. मित्रांनो, अनोळखी वस्तू दिसली तर चुलाणात टाकण्याआधी तिची भोकं तरी मोजा. कुणाचे तरी ओठ पोळले असतील, तेव्हा ती घडली असेल.