लाल पुठ्ठा आणि भातातल्या अळ्या

मी एक लाल पुठ्ठा बोलतोय. बिस्किटांच्या खोक्यातून मला कापलं, वर लाल घोटीव कागद चिकटवला, धरायला बांबूची कामटी लावली आणि पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरं काढली, 'आय डिसअग्री'. म्हणजे मला हे पटत नाही. माझ्यासारखे वीस लाल आणि 'आय अग्री'वाले वीस हिरवे. किनवटच्या बाजूला जंगलाकडेला मुलींची एक निवासी शाळा आहे, तिथल्या दहावीच्या वर्गात आमचा मुक्काम.

आम्हाला बनवलं इंग्रजीच्या ईश्वरप्पा सरांनी. पोरींनी घोकंपट्टी सोडावी, पटलं तर पटलं म्हणावं, नाही तर नाही म्हणावं, असं ते पहिल्याच तासाला म्हणाले. मला वाटलं, चला, जन्म सार्थकी लागला.

कसला सार्थकी! दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर नियम लिहिला. विषम हजेरी क्रमांकांनी हिरवा उचलायचा, सम क्रमांकांनी लाल. 'मोबाइल चांगला की वाईट?' विषम म्हणणार चांगला, सम म्हणणार वाईट. पुढची वाक्यंही सरांचीच, पोरींनी फक्त पाठ करायची. जिच्या घरी मोबाइलच नाही, ती मोबाइलनं माझे डोळे बिघडले म्हणून हातवारे करायची. रेशनवर साखर वाटावी तशी मतं वाटायची! मला तेव्हापासूनच या सगळ्याचा वीट आला होता.

मी लुंबिनीच्या वाट्याला आलो. उमरीकडची पोरगी, बाप पंढरी, एका गवंड्याच्या हाताखाली कामाला. धाकटी बहीण आम्रपाली याच वसतिगृहात, सहावीत. दिवाळीनंतर तांदळाची नवी पोती आली आणि ताटातल्या भातात अळ्या निघायला लागल्या. शीत कुठलं आणि अळी कुठली, कळायचं नाही. मोठ्या पोरी निवडून टाकायच्या आणि डोळे मिटून खायच्या. आम्रपालीला ते जमेना. तिला उलट्या सुरू झाल्या, दोन दिवसांत ती भिंत धरून चालायला लागली.

लुंबिनी सरांकडे गेली. "सर, तांदूळ बदलायला सांगा की. आमच्या आम्रपालीच्या पोटात पाणी बी ठरून न्हाई राहिलं."

"शुक्रवारी साहेब तपासणीला येऊन राहिले," सर म्हणाले. "ते होऊ दे. तोवर गप बस."

शुक्रवारी साहेब आले. शाल, नारळ, फोटो झाले. मोबाइलचा विषय झाला, आम्ही ठरल्याप्रमाणे वर-खाली झालो. साहेब खूश. मग त्यांनी आपणहून इंग्रजीत विचारलं, "इथलं जेवण चांगलं आहे ना?"

साहेबांच्या पाठीमागे सर उभे होते. त्यांनी हळूच बोटानं हिरव्या पुठ्ठ्याकडे खूण केली. झालं, सगळे हिरवे वर गेले. ज्यांच्या हाती लाल होते त्यांनी ते बाकाखाली सारले आणि माना डोलावल्या. पोरींचा मला राग नाही, त्यांना रात्री त्याच ताटावर बसायचं होतं. मला शिसारी आली ती सरांच्या त्या बोटाची.

 लुंबिनीनं मात्र मला वर उचललं. "आय डिसअग्री, सर. देअर आर वर्म्स इन द राइस. माय सिस्टर इज सिक." भातात अळ्या आहेत, माझी बहीण आजारी आहे. हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

आता साहेब उठतील, धान्याची कोठी उघडायला लावतील, असं मला वाटलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या!

"व्वा! काय इंग्रजी! काय धीटपणा! खेड्यातली मुलगी आहे, बघा जरा!" आपल्या खांद्यावरची शाल त्यांनी तिला पांघरली. सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला.  साहेबांचा स्वतःचा डबा तर बाहेरून आला होता, तो ऑफिसात झाकून ठेवलेला.

तेवढ्यात मोबाइलवर चित्रण करणारे ईश्वरप्पा सर म्हणाले, "व्हिडिओत नीट आलं न्हाई. परत म्हण. अन् जरा हसून म्हण."

लुंबिनीनं मला बाकावर ठेवलं. "सर, भातात अळ्या हायत. माझी भैन चार दिवसांपास्नं उपाशी हाय. कुनी कोठीत येऊन बघता का न्हाई?"

कुणी टाळी वाजवली नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. सरांचा चेहरा लालबुंद झाला. "पाहुण्यांपुढं उद्धटपणा करती! उद्याच्या उद्या बापाला बोलाव." तेच वाक्य इंग्रजीत बोलली तेव्हा शाल मिळाली होती. थू असल्या शिकवण्यावर!

आज पंढरी आलाय. नखांत सिमेंट, मांडीवर आम्रपाली. ती डोळे उघडत नाही. लुंबिनी दाराशी उभी आहे. मी सरांच्या टेबलावर पडलोय.

"तुमची पोरगी साहेबांपुढं नको ते बोलली," सर म्हणाले.

"काय बोल्ली?"

"आधी इंग्रजीत बोलली, मग..."

"मला इंग्रजी येत न्हाई, सर. काय बोल्ली ते तुमीच मराठीत सांगा."

 ते वाक्य उच्चारायचं तर अळ्यांचं नाव घ्यावं लागतं, आणि एकदा घेतलं की पंढरी कोठीची किल्ली मागणार. सर मला हातात घेऊन नुसते उलटसुलट करतायत. पंढरी वाट बघतोय. पोरीच्या कपाळावरचा हात त्यानं काढलेला नाही.

अहो सर, मी पुठ्ठा. मला तोंड नाही. तुम्हाला देवानं दिलंय, त्यात दोन भाषा दिल्यात. तीन-चार शब्दांचं तर वाक्य आहे. सांगा त्या माणसाला.