बाबांच्या पलंगाखालचं

गरजूंसाठी शिधा गोळा करणाऱ्या फूड बँकेची रिकामी पिशवी दाराला अडकवलेली होती आणि दुपारी ती भरून न्यायला गाडी येणार होती. न्हावी आणि त्याची बायको स्वयंपाकघरात कपाट उघडून उभे होते.

"तेल?"

"तेल नको. महिनाअखेर आहे."

"मग साखर दे."

"आणि चहात काय घालू, तुझं डोकं?"

प्रत्येक डब्याला काही ना काही कारण निघालं. शेवटी बायकोची नजर आतल्या खोलीकडे गेली. "बाबांचं कोठार आहे की!"

बाबा म्हणजे न्हाव्याचे वडील. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. त्यांच्या पलंगाखाली डबाबंद मासे, वाटाणे, दुधाची पावडर, बिस्किटांचे पुडे, सगळं नीट रचलेलं असायचं. लहानपणी त्यांनी उपासमार पाहिली होती, धाकट्या बहिणीला तीत गमावलं होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण इतकी वर्षं ऐकून ऐकून त्याची थट्टाच झाली होती.

"त्यांना कळायचंसुद्धा नाही," न्हावी म्हणाला आणि ओणवा होऊन सगळं बाहेर ओढलं. पिशवी गच्च भरली. गाडीवाल्यानं तोंडभर आभार मानले, तेव्हा दोघांनाही बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी बाबा घरी आले ते एका डोळ्यावर पट्टी घेऊन. पलंगावर टेकले आणि सवयीनं हात खाली घातला. हात बराच वेळ जमिनीवर चाचपडत राहिला.

"भुकेल्यांना दिलं, बाबा," सून घाईघाईनं म्हणाली.

"बरं केलंत," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या दिवशी न्हाव्यानं दुकान उशिरा उघडलं. आधी फूड बँकेत गेला. तिथल्या बाईंना काय सांगावं ते त्याला सुचेना. "काल दिलेली एक पिशवी..." एवढंच म्हणाला.

"कालचं कालच वाटून झालं," बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "घरी अडचण आहे का? लाजू नका, घेऊन जा काहीतरी."

तो कानकोंडा होऊन बाहेर पडला. वाटेत किराणा दुकानातून तसेच डबे घेतले आणि पलंगाखाली रचून ठेवले. संध्याकाळी पाहतो तर ते ओट्यावर.

"हे तू आणलेलं, तुझ्या घरातलं आहे," बाबा म्हणाले. "स्वयंपाकघरातच राहू दे."

ते नीट जेवत होते, नातवंडांशी बोलत होते. फक्त एकदा ताटावरून उठताना त्यांनी पावाचा तुकडा सदऱ्याच्या खिशात सरकवला. सुनेनं पाहिलं. ती मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली.

रविवारी न्हाव्यानं नेहमीप्रमाणे बाबांची दाढी करायला घेतली. साबणाचा फेस लावला, हनुवटी वर केली. वस्तरा गळ्याशी आला तेव्हा त्याचा हात थांबला.

"बाबा, विचारायला हवं होतं."

"हं."

"मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल."

बाबांनी उघडा डोळा त्याच्याकडे वळवला. "दिलं असतं रे. भूक मला कळत नाही होय? सगळं नसतं दिलं. पण माझ्या हातानं निवडून दिलं असतं."

फेस सुकायला लागला होता. न्हाव्यानं ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला.

ओट्यावरचे ते डबे हळूहळू स्वयंपाकात संपले. बाबांनी पलंगाखाली पुन्हा काही ठेवलं नाही. धुवायला आलेल्या त्यांच्या सदऱ्याचे खिसे सून आधी कधी झटकत नसे; आता मात्र झटकते, आणि निघालेला पावाचा चुरा कुणाला दाखवत नाही.