कड्यावरचे दोन बाप

प्रभुलिंग मुलीला समुद्रावर पाठवायला तयारच नव्हता. त्याला राजी केलं ते शमशुद्दीननं.

उचगावला हायवेलगत शमशुद्दीनचं ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं. त्याची सुहाना आणि प्रभुलिंगची सौंदर्या एकाच कॉलेजात, दोघी नेव्हल एनसीसीत. तळ्यावर शिडाची होडी चालवायला दोघी बरोबरच शिकल्या. २००४च्या जानेवारीत देवगड ते मालवण अशी किनाऱ्याकिनाऱ्यानं कॅटामरानची शर्यत ठरली आणि ह्या दोघींची जोडी निवडली गेली. कॅटामरान म्हणजे दोन निमुळत्या होड्या शेजारीशेजारी जोडलेल्या, मध्ये बसायला ताणलेली जाळी आणि वर उंच शीड.

मंगळवार पेठेतल्या आपल्या भांड्यांच्या दुकानात बसून प्रभुलिंगनं शमशुद्दीनला तोंडावरच सांगितलं, "तळं येगळं आन दर्या येगळा. एकुलती एक पोरगी हाय माझी."

"माझ्या काय चार हाईत व्हय, अण्णा? माझ्या जिवावर पाठवा की. जे सुहानाचं, तेच सौंदर्याचं."

प्रभुलिंगनं मग हो म्हटलं, पण स्वतःही यायचं ठरवलं.

शर्यतीच्या दिवशी दोघं बाप कुणकेश्वरजवळच्या कड्यावर जाऊन उभे राहिले. बरोबर मुलींना शिकवणारे गणपतराव होते, त्यांच्या हातात वायरलेस आणि गळ्यात दुर्बीण. खाली पांढरी वाळू, माडांची रांग, आणि निळं पाणी नजर पोचेल तिथवर. प्रभुलिंग म्हणाला, "एवढं देखणं असंल असं वाटलं नव्हतं वो."

दुपारी बाराच्या पुढं शिडं दिसू लागली. मुलींचं शीड लाल होतं आणि तिसऱ्या नंबरावर होतं. प्रभुलिंगनं आनंदानं शमशुद्दीनच्या पाठीत थाप घातली.

तेवढ्यात वारा फिरला. लाल शिडाच्या होडीची एक बाजू पाण्याबाहेर उचलली गेली, होडी कलली, आणि शीड पाण्यावर आडवं पडलं.

"काय न्हाय, सरळ करत्यात. शिकवलंय त्यास्नी," गणपतराव म्हणाले.

पण मागनं लाट आली आणि होडी पुरती उलटी झाली. शीड पाण्याखाली गेलं, वर राहिले ते दोन पांढरे तळ. थोड्या वेळानं एक नारिंगी जॅकेट त्यांवर चढलं.

एकच.

गणपतराव वायरलेसवर ओरडू लागले. मदतीची लाँच दोन मैल पुढं दुसऱ्या उलटलेल्या होडीपाशी होती. यायला वीस मिनिटं तरी लागणार होती. गणपतरावांनी दुर्बीण शमशुद्दीनच्या हातात कोंबली आणि खाली कोळ्यांची होडी मिळते का बघायला ते उतारानं धावत सुटले.

शमशुद्दीननं दुर्बीण डोळ्यांना लावली. सगळं पाणीच दिसत होतं. या अल्ला, सुहाना असू दे, असं त्याच्या मनात आलं. मग पाण्यात राहिली ती कोण, हे मनात आलंच नाही.

मग ते जॅकेट दिसलं. पोरगी दोन तळांच्या मधल्या जाळीवर पालथी पडली होती, हलत नव्हती. तिच्या पाठीवर निळं ठिगळ होतं. सुहानाचं जॅकेट फाटलं म्हणून आदल्या आठवड्यात त्यानं स्वतःच लावलेलं.

त्याच्या छातीतून हुंदका फुटला, तो आनंदाचा होता. आणि लगेच शेजारून आवाज आला.

"कोण हाय? शमशुभाई, कोण हाय ती?"

प्रभुलिंगनं त्याचा दंड धरला होता. शमशुद्दीनला त्याच्याकडं बघवेना.

"दिसत न्हाय, अण्णा."

"नीट बघा की!"

"ऊन हाय पाण्यावर. न्हाय दिसत."

प्रभुलिंगनं दुर्बीण ओढून घेतली. पण जाड चष्म्यावरून त्याला ती लावता येईना, चष्मा काढला तर काहीच दिसेना. शेवटी ती टाकून तो कड्याच्या टोकाशी गेला आणि घसा फाटेस्तोवर हाका मारू लागला, "सौंदर्या! बाळ, सौंदर्या!" वारा समोरचा होता. ती हाक खालच्या वाळूपर्यंतसुद्धा पोचत नसेल. दोघांनाही पोहता येत नव्हतं. शमशुद्दीननं त्याला मागनं कमरेत मिठी घालून धरून ठेवलं. तेवढंच त्याला करता आलं.

लाँच आली तेव्हा जाळी कापावी लागली. सौंदर्या उलट्या होडीखाली जिवंत होती. कमरेचा पट्टा दोरांत अडकला होता, आणि पाणी व जाळी यांच्यामध्ये उरलेल्या वीतभर जागेत तोंड वर धरून ती श्वास घेत होती. सुहानानं तीनदा बुडी मारली, पट्टा सुटला नाही. मग ती वर जाळीवर पालथी पडली आणि जाळीच्या भोकातून सौंदर्याची बोटं धरून बोलत राहिली.

सौंदर्याचा खांदा निखळला होता. देवगडच्या दवाखान्यात तिला आत नेल्यावर दोघं बाप बाहेरच्या बाकावर बसले.

"शमशुभाई," प्रभुलिंग म्हणाला, "बिनचष्म्याचं सुई ओवता तुम्ही."

"व्हय."

"मग दिसलं असंल तुम्हास्नी."

माझ्या तोंडानं तुमच्या पोरीचं मरण कसं सांगू, असं शमशुद्दीनला म्हणायचं होतं. पण सुहाना दिसल्यावर आपल्याला काय झालं होतं, ते आठवलं.

"दिसलं हुतं, अण्णा."

प्रभुलिंगनं मान हलवली आणि तो उठून आत गेला.

खांदा बरा झाला, पण सौंदर्या पुन्हा होडीत बसली नाही. त्या वर्षी रमजान ईदला शमशुद्दीन शीरखुर्म्याचा डबा घेऊन मंगळवार पेठेत गेला. प्रभुलिंगनं डबा दोन्ही हातांनी घेतला, शमशुद्दीनच्या बायकोची, नजीरावहिनींची, आणि सुहानाची विचारपूस केली. बसा मात्र म्हणाला नाही. आणि शमशुद्दीनही दुकानाच्या पायरीवरूनच माघारी फिरला.