शेवटच्याला फिका रंग

कुरवंड्यातल्या होमस्टेवाल्यांनी वेबसाइट काढायची ठरवली, तेव्हा कुणाचं घर आधी दाखवायचं यावर वाद झाला नाही, हीच बातमी म्हणायची. जत्रेत मानाचा नारळ ज्या क्रमाने मिळतो, तोच क्रम. पहिले दत्तोबा, शेवटची अकबरी. मुलाण्याच्या घराला शेवटचा नारळ पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला.

नवरा मेहबूब वारल्यापासून अकबरीचं घर दोन खोल्यांच्या पाहुण्यांवर चालत होतं. या पावसाळ्यात पाहुणे आले नाहीत, तर खोल्या दुसऱ्याच्या हवाली करायला लागणार होत्या. हे तिच्या मुलाला, इर्शादला, पक्कं ठाऊक होतं. वेबसाइट तोच बनवत होता.

अकबरीच्याही खाली गावातल्या निलेशचे पाहुण्यांसाठीचे तंबू आले, कारण तंबूंना नारळ नव्हता. अजून तंबूही नव्हते. म्हणून इर्शादने नियम लिहिला : रांगेत जो शेवटी असेल तो फिका दिसेल, त्याचा फोन नंबर झाकला जाईल आणि वर 'लवकरच सुरू' असं येईल. पहिला असेल त्याचा फोटो मोठा. निलेशचं नाव घालून नियम लिहिता आला असता. पण रांगेतल्या जागेवरून लिहिला की काम लवकर उरकतं.

मे महिन्यात निलेशला देहूरोडला नोकरी लागली आणि तंबू उभे राहण्याआधीच गुंडाळले गेले. इर्शादने त्याचं नाव काढलं आणि साइट तपासली. साइट तपासणे म्हणजे दत्तोबा सगळ्यात वर दिसतायत ना, एवढं बघणे. दिसत होते.

पावसाळा आला. गावाजवळच्या सुळक्याकडे पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागली. अकबरीचा फोन गप्प.

"फोन बिघडलाय का बघ रं."

इर्शादने समोर बसून नंबर लावला. वाजला.

"फोन चांगलाय, अम्मी."

"मग मीच बिगडले आसंन."

गणपती झाल्यावर तिने खोल्या लोणावळ्याच्या आदिनाथशेठला कराराने दिल्या. मालकाचं नाव बदलायला म्हणून इर्शादने पान प्रथमच तळापर्यंत सरकवलं. तळाशी त्याचं घर फिकं पडून 'लवकरच सुरू' होत होतं.

त्याने शेवटच्याचा नियम पुसला. मग घरी येऊन सांगितलं.

"म्हंजी तुझ्यामुळं आली न्हाईत मानसं?"

"माझ्यामुळं नाही, जागेमुळं. नियम कुणाचं नाव बघत नाही. शेवटी जो असेल, त्याला लागू."

"शेवटी आपुनच आसतो की," अकबरी म्हणाली. "तुला म्हाईत न्हवतं?"

आदिनाथशेठने देवळाला स्टीलचं रेलिंग दिलं आणि साइटवर पहिली जागा मागितली. दत्तोबांनी मोठ्या मनाने सोडली. "देवळातला मान माझाच. कम्प्युटरातला घेऊ द्या त्यास्नी."

इर्शादने तळातलं घर उचलून वर ठेवलं. फोटो आपोआप मोठा झाला. फोन नंबर तेवढा बदलायचा राहिला.

दिवाळीच्या सुट्टीत अकबरीचा फोन खणखणायला लागला. भाकरीचं पीठ लागलेल्या हाताने ती उचलायची.

"व्हय, हायेत की खोल्या. लय चांगल्या हायेत. थांबा, शेठचा नंबर सांगते."