एक हजार नऊशे बारा किलोमीटरची नवी गाडी

बाईंचा डावा गुडघा गेला तो दुसऱ्यांच्या क्लचपायी. बावीस वर्षं त्या लोकांना गाडी चालवायला शिकवत होत्या. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. शिकणारा क्लच दाबायला विसरला की तो बाईंनी दाबायचा. आणि शिकणारे विसरायचेच. दिवसाला आठ जण. शेवटी डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, "आता क्लच बंद. नाहीतर वर्षभरात ऑपरेशन."

इलेक्ट्रिक गाडीला क्लच नसतो. त्यामुळे गाडी घ्यायची हे त्याच संध्याकाळी ठरलं. कोणती, हे ठरायला मात्र दोन महिने गेले.

बाईंचे यजमान चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. केसाएवढा फरकही ज्यांना खपत नाही अशा माणसांपैकी ते. त्यांनी एक वही केली. एका चार्जमध्ये गाडी किती जाते, चार्ज व्हायला किती वेळ लागतो, बॅटरीची हमी किती वर्षांची, सगळं रेघा मारून. तीन कंपन्यांच्या तीन गाड्या होत्या आणि त्यांची नावं लक्षात राहीनात, म्हणून नवराबायकोंनी त्यांचं बारसं घरीच उरकलं. डोळे वटारल्यासारखी दिसायची ती बेडूक. नाक पुढे काढलेली ती इस्त्री. आणि चारी बाजूंनी चौकोनी असलेलं ते कपाट.

यजमानांचा कल कपाटाकडे होता. "बॅटरीची हमी आठ वर्षं. बाकी दोघांची पाच."

पण बाईंना हवं होतं शिकवणाऱ्याच्या बाजूला ब्रेकचं पेडल. ती पेडलं बसवणारा एक जुना मिस्त्री होता. तिन्ही शोरूममध्ये जाऊन तो टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आडवा झाला. बाहेर येऊन म्हणाला, "बेडकात जागाच नाही. कपाटात बसेल, पण आतला पत्रा कापावा लागेल, म्हणजे हमी गेली. इस्त्रीत मात्र नुसता हात घालून बसवतो."

"हमी जाईल का, हे कपाटवाल्यांना विचारून तर बघू," यजमान म्हणाले.

"कशाला?" बाई म्हणाल्या. "इस्त्रीकडे आपला माणूस आहे."

तो आपला माणूस म्हणजे गचका. सात वर्षांपूर्वी तो बाईंकडे शिकला होता. क्लच असा काही सोडायचा की मागे बसलेल्याची मान हलायची, म्हणून हे नाव. परीक्षेत तीनदा नापास झाल्यावर बाईंनी त्याला सुट्टीच्या दिवशी, सकाळी सकाळी, एक पैसा न घेता शिकवलं आणि चौथ्यांदा पास करवून घेतलं. आता तो इस्त्रीच्या शोरूमचा मॅनेजर होता, कोट घालायचा. बाईंना बघून खुर्चीवरून उठला. "मॅडम, तुमची गाडी म्हणजे माझ्या घरची गाडी. तीन महिने. फार तर साडेतीन."

चौथ्या महिन्यात चिपांचा तुटवडा निघाला. सहाव्यात निळ्या रंगाची अडचण आली. बाईंनी पांढरी चालेल म्हणून कळवलं. आठव्यात मेसेज आला, "मॅडम, जहाज बंदरात अडकलंय, माझाही नाइलाज आहे," आणि पुढे हात जोडल्याचं चित्र. बाई गुडघ्याला पट्टा बांधून जुन्याच गाडीत बसत होत्या. आठाचे सहा तास केले. दोन विद्यार्थी दुसऱ्या क्लासला गेले, कारण तिकडे बेडूक आली होती. त्या बेडकात शिकवणाऱ्याला पेडल नाहीच, तो म्हणे हँडब्रेकवर हात ठेवून बसतो. "लोकांच्या जिवाशी खेळ," बाई घरी येऊन म्हणायच्या आणि पिशवी आपटायच्या.

एकट्या पडदेवाल्या मावशी थांबल्या होत्या. मावशी साठीच्या, घरोघरचे पडदे शिवायच्या आणि गठ्ठे पोचवायला जावयाला गाडी मागायच्या. "त्याच्या तोंडाकडे बघायचा वीट आलाय मला," त्या म्हणायच्या. "पण मला ते तीन पेडलांचं जमायचं नाही हो. दोनच पाय दिलेत देवाने. तुमची नवी आली की येते." दर आठवड्याला त्यांचा फोन यायचा, आली का म्हणून.

अकराव्या महिन्यात गाडी आली.

शोरूममध्ये पांढऱ्या इस्त्रीवर लाल रिबीन होती. टेबलावर केक, भिंतीपाशी फोटोवाला. यजमान नवा शर्ट घालून आले होते. गचक्याने दार उघडून धरलं. "बसा मॅडम. आता क्लचला कायमची सुट्टी!"

बाई बसल्या. सीटवर कंपनीचं प्लास्टिक होतं, पण त्याच्या कडांना चिकटपट्टी लावलेली होती. त्यांनी खाली पायाकडे पाहिलं. ब्रेकच्या रबरावरच्या रेघा उजव्या कडेला पुसट झाल्या होत्या. बावीस वर्षं पेडलांकडे बघण्यात गेली असली की अशी गोष्ट सांगावी लागत नाही. स्टिअरिंगवर एक भलामोठा सॅटिनचा बो बांधला होता, बरोबर मीटरच्या समोर. बाईंनी तो बाजूला सारला.

१९१२.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काय मॅडम?"

"एक हजार नऊशे बारा किलोमीटर. ही नवी गाडी आहे ना?"

गचका हसला. "ते ट्रान्सपोर्टचं दाखवतं मॅडम. सॉफ्टवेअर चढवलं की शून्यावर येईल. आत्ता सांगतो पोराला."

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हा माणूस गिअर टाकताना 'खाली बघू नकोस' म्हणून सांगितलं की रडवेला व्हायचा, आणि आज हा आपल्याला सांगतोय मीटर शून्यावर येईल म्हणून!

"गाडी ट्रकवर येते," त्या म्हणाल्या. "ट्रकवर चाकं फिरत नाहीत. कोण चालवत होतं ही?"

"मॅडम, जरा हळू. गिऱ्हाइकं आहेत."

"कोण चालवत होतं?"

त्याने कोटाची बटणं लावली, सोडली. "मालकांच्या घरी होती थोडे दिवस. त्यांची सर्व्हिसिंगला होती म्हणून. तीनेक महिने. पण एक ओरखडा नाही, बघा तुम्ही."

तीन महिने. बाईंनी मनात मागे मोजलं. म्हणजे आठव्या महिन्यात, जहाज अडकलं होतं तेव्हा, गाडी इथे उभी होती. त्या पट्टा बांधून जिना एकेक पायरी चढत होत्या आणि यांच्या मालकाची बायको हिच्यातून बाजारात जात होती.

"अगं," यजमान खिडकीशी वाकून हळूच म्हणाले, "जाऊ दे ना. चालते तर आहे. तुझा गुडघा..."

गचक्याच्या खोटेपणाने जेवढा संताप आला नव्हता तेवढा या 'जाऊ दे'ने आला. "तुम्ही भिंगाला केसाएवढी चीर असली तर परत पाठवता ना? मग मी काय म्हणून घ्यायची?" बाई उतरल्या. बो गचक्याच्या हातात दिला. तो मागे मागे दारापर्यंत आला.

"मॅडम, तुम्हीच शिकवलंत ना? चूक झाली की घाबरायचं नाही, परत चालू करून पुढे जायचं."

"गाडी बंद पडली तर," बाई म्हणाल्या. "माणसाला फसवलं तर नाही."

तीन दिवस त्यांनी फोन केले, दोनदा कंपनीला लिहिलं. 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे' असं उत्तर आलं, दोन्ही वेळा तेच. चौथ्या दिवशी सकाळी बाई पहिल्या विद्यार्थ्याला म्हणाल्या, "आज चढावर गाडी उचलायला शिकू."

शोरूमसमोरच्या रस्त्याला बेताचा चढ होता. सार्वजनिक रस्ता, कुणाच्या बापाचा नाही. शोरूमचं फाटक त्या चढाच्या मधोमध. विद्यार्थी नेमका तिथे थांबायचा, क्लच सोडायचा, गाडी आचका देऊन बंद पडायची. पुन्हा चालू, पुन्हा बंद. आतून ट्रायलची इस्त्री बाहेर पडायला बघायची आणि हॉर्न वाजवायची. बाई काच खाली करून सांगायच्या, "शिकतायत हो, वेळ लागणारच. तुमची नवी आहे का? मीटर बघून घ्या. माझ्या नव्या गाडीवर एक हजार नऊशे बारा होते."

दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला तेव्हा बाईंनी सगळं सांगितलं. मग मावशी म्हणाल्या, "मला बसवा तुमच्या जुन्या गाडीत. माझ्याइतकी गाडी कुणी बंद पाडणार नाही."

आणि खरोखरच नाही पाडली. पहिल्याच दिवशी फाटकापुढे सतरा वेळा. घामाघूम झाल्या, पण स्टिअरिंग सोडलं नाही. गचका बाहेर येऊन म्हणाला, "आजी, जरा बाजूला घ्या." मावशी कडाडल्या, "बाजूला घेता आली असती तर शिकायला आले असते का? अकरा महिने बसवून ठेवलंस मला!" पोलीस आला. त्याने बाईंचा परवाना पाहिला, शिकाऊ वाहनाची पाटी पाहिली, मावशींकडे पाहिलं. "हळूच चालणार की," म्हणाला आणि गेला.

चौथ्या दिवशी यजमान दुकानातून रजा घेऊन आले आणि चहाचा थर्मास घेऊन मागच्या सीटवर बसले. त्या 'जाऊ दे'बद्दल ते काही बोलले नाहीत. बाईही लगेच निवळल्या नाहीत. चहा घेतला, पण मान वळवली नाही. त्यांचा गुडघा एव्हाना भोपळ्यासारखा सुजला होता आणि प्रत्येक क्लचला डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

सहाव्या दिवशी मालक स्वतः फाटकाबाहेर आला. आठवड्यात दुसरी गाडी देतो म्हणाला, मॅट फुकट देतो म्हणाला.

"मला तुमची गाडीच नको," बाई म्हणाल्या. "भरलेले पैसे आणि लेखी माफी."

पैसे लवकर आले. माफीच्या पत्रात 'झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत' असं होतं. बाईंनी 'गैरसमज' शब्दाखाली लाल रेघ मारून पत्र परत पाठवलं आणि चढावरची शिकवणी चालू ठेवली. तिसऱ्या पत्रात एकदाचं आलं: 'वापरलेली गाडी नवी म्हणून दिल्याबद्दल.' तेव्हा कुठे त्यांनी फाटक सोडलं.

मग त्या कपाटवाल्यांकडे गेल्या. पेडलासाठी पत्रा कापला तर हमी जाईल का, एवढंच विचारलं. तिथल्या इंजिनिअरने खाली वाकून पाहिलं, वरच्यांना फोन लावला आणि परवा लेखी देतो म्हणाला. परवा दिलंसुद्धा. हमी जात नव्हती.

कागद हातात घेऊन बाई तिथल्या बाकावर बसून राहिल्या. वर्षभरापूर्वी हे एका प्रश्नाचं काम होतं. विचारलं नाही, कारण ओळखीचा माणूस होता. आता राग काढायला समोर कुणीच नव्हतं. यजमान शेजारी होते. ते 'मी म्हणत होतो' असं म्हणाले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. पण ते वहीत काहीतरी लिहीत बसले होते.

कपाट सातव्या आठवड्यात आलं. बाईंनी आधी मीटर पाहिला, मग पेडलं, मग वाकवत नसतानाही वाकून चारी टायर. विक्रेता अर्धा तास किल्ली धरून उभा होता. तोवर मावशी जुन्याच गाडीवर परीक्षा पास झाल्या होत्या, आणि आता त्यांना क्लचशिवायची गाडी 'अळणी' वाटत होती.

गचक्याला मालकाने काढलं नाही. गावाबाहेरच्या नव्या शोरूमवर पाठवलं, तेही बढती देऊन. बाईंना हे मिस्त्रीकडून कळलं, आणि त्या दिवशी घरात कुणी त्यांच्याशी बोलू शकलं नाही.

महिन्याभराने त्याचाच फोन आला. "मॅडम, राग गेला का?"

"नाही," बाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि स्टिअरिंगवरच्या मुलीला म्हणाल्या, "आरसा बघ. मग निघ."