साटीनची गादी

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी टेलरबाईंना पिल्लाचे दोन्ही पाय फाकलेले दिसले. पोट खोक्याच्या तळाला टेकलेलं, एक पाय उजवीकडे, एक डावीकडे. पिल्लू उठायची धडपड करी आणि दर वेळी पाय आणखी लांब सरकत.

बदकाचं ते पिल्लू दोन दिवसांचं होतं. थोरल्या जाऊबाईंच्या अंगणातली बदकीण सात पिल्लं घेऊन घरट्यावरून उठली, तेव्हा आठवं अंडं नुकतं तडकलं होतं. जाऊबाईंनी हात झटकले. टेलरबाईंनी ओलं पिल्लू ओंजळीत घरी आणलं, शिवणयंत्राचा दिवा वाकवून खोक्यावर ऊब धरली आणि कोटाच्या अस्तराचं उरलेलं साटीन चार पदरी शिवून खाली गादी घातली. हातशिलाई, एक टाका वर दिसेल तर शपथ.

खोकं घेऊन त्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी आधी पिल्लाला नाही, गादीलाच हात लावला.

"हे कुणी घातलं?"

"मीच. मऊ म्हणून."

"मऊ आहे, पण घसरगुंडी आहे. पिल्लू दोन दिवस त्यावर उभं राहायला बघतंय. जन्मतः पाय धड होते?"

"होते," टेलरबाई म्हणाल्या.

"हाडं कोवळी आहेत. दोन्ही पाय एकमेकांना बांधून ठेवले तर चार दिवसांत जागेवर येतील. उशीर केला तर अवघड आहे." डॉक्टर चिकटपट्टी कापू लागले.

"ती नको. सोडवताना कातडी निघेल. बांधायचं माझ्याकडे लागलं, दोन पायांत अंतर किती ते सांगा."

"धडधाकट पिल्लू जेवढं ठेवतं तेवढं."

म्हणजे माप अंगावरूनच घ्यायला हवं. टेलरबाई टेप घेऊन तडक जाऊबाईंच्या अंगणात गेल्या आणि त्या सातांतलं एक पकडून पायरीवर उभं केलं.

"अगं बाई, आता बदकांचे कपडे शिवतेस?" जाऊबाई हसून म्हणाल्या. "बाही पूर्ण ठेव हो, थंडी आहे!"

"ताई, हसू नका, त्याला धरा. हलतंय."

अंतर भरलं दोन सेंटिमीटरला दोराभर कमी. सगळं ऐकल्यावर मात्र जाऊबाईंचा आवाज बदलला. "हे बघ, शनिवारी सकाळी मी येते. उभं असेल तर आईजवळ सोडू. नसेल तर मी संपवते. फरफटत जगवायचं नाही, सांगून ठेवते."

"या तुम्ही शनिवारी," टेलरबाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी साटीन उचललं आणि खरखरीत टॉवेल अंथरला. सुती कापडाची पट्टी उरेब, म्हणजे तिरकी कापली, की जराशी ताणली जाईल आणि काचणार नाही. पहिली पट्टी तासाभरात निसटली. दुसरी बसली, पण फार घट्ट, पाऊल गार लागलं. तिसऱ्या पट्टीला गाठच दिली नाही, दोन टाके घातले. दर दोन तासांनी पोटाखाली दोन बोटं धरून पिल्लाला उभं करायचं, मग भिजवलेला भरडा, मग उथळ झाकणात खडे टाकून पाणी, बुडायला नको म्हणून. कोटाच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, शनिवारनंतर या.

"घरात कोणी आजारी आहे का?"

"आहे."

गुरुवारी नवऱ्याने न्याहारी करताना कुरकूर केली. "माझ्या पँटची चेन महिनाभर पडून आहे."

"अहो, तुमची चेन कुठे पळून जात नाही."

"आणि हे पळणार आहे?"

"पळायला हवं. पाय मी बिघडवलेत त्याचे."

नवऱ्याने उठून झाकणातलं पाणी बदललं आणि कामावर गेला.

शुक्रवारी संध्याकाळी पाच चाळीसला टेलरबाईंनी टाके उसवले. दोन बोटं पोटाखाली धरली, मग काढून घेतली. उजवा पाय जागच्या जागी राहिला. डावा बोटभर सरकला, थांबला. टेलरबाई मनात आकडे मोजत होत्या. नवाला पिल्लू बसलं.

"जमलं?" नवऱ्याने दारातून विचारलं.

"अजून नाही."

त्यांनी नवी पट्टी कापली, या वेळी अंतर आणखी दोन दोरे कमी. सहा वाजता जाऊबाईंचा निरोप आला: उद्या आठला येते. सहा वाजून पाच मिनिटांनी पट्टीचा दुसरा टाका घालून झाला होता. पिल्लू बसूनच पाणी पीत होतं.