बोगद्यातला पिवळा अजगर

टिंग.

दुपारच्या शांततेत स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजला. हाक मारायला जेवढा दम लागतो, तेवढा आता हरेशच्या छातीत उरलेला नाही. म्हणून तो चमचा वाजवतो. मनाली आत भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातांनीच पडवीत आली, कोपराने त्याला सावरलं आणि त्याच्या पाठीमागची उशी वर सरकवली.

"पाणी देऊ?"

त्याने मान हलवली. नको. पंखा त्याच्याकडे तोंड करून फिरतच होता. तरी मनाली शेजारी बसली आणि हाताशी आलेल्या ताटलीने वारा घालू लागली.

हे सगळं मी वरून पाहत असतो. मित्रांनो, मी एक जुना हवेचा पाइप आहे. पाइप म्हटल्यावर तुम्हाला लोखंडाचा वाटेल, पण मी जाड कापडाचा आहे. बदलापुरातल्या बेलवलीत, या घराच्या पडवीवर, ऊन अडवायला मला उभा चिरून ताणून बांधलं आहे. माझा रंग एकेकाळी हळदीसारखा पिवळा होता. आता मी विटलोय, जागोजागी ठिगळं आहेत. पण मी एका डोंगराच्या पोटात शिरून माणसांना श्वास पुरवत होतो, असं सांगितलं तर तुम्हाला खरं वाटेल का?

माझं कापड अंबरनाथला, आनंदनगरच्या एका कारखान्यात तयार झालं. विणलेल्या धाग्यांवर गरम प्लास्टिकचा थर चढला आणि मी असा झालो, की माझ्यातून ना पाणी झिरपे, ना हवा. मग मला उल्हासनगरच्या एका वर्कशॉपमध्ये नेलं. तिथे माझ्या कडा एकीवर एक ठेवून तापवून चिकटवल्या. शेठ सारखा येरझाऱ्या घालायचा आणि ओरडायचा, "साईं, हवा का मामला है! सुई की नोक जितना छेद भी नहीं मंगता!"

कैलास नावाचा कारागीर मान वर न करता म्हणायचा, "शेठ, आत खाट टाकून झोपाल एवढा मोठा पाइप, आणि तुम्ही सुईचं काय घेऊन बसलात?"

पण त्याने छिद्र राहू दिलं नाही. शेवटी माझं एक तोंड बांधून दुसऱ्या तोंडाला पंखा लावला. मी हळूहळू फुगलो, टम्म झालो, आणि गल्लीतली पोरं मला बुक्क्या मारायला धावली. तो माझ्या आयुष्यातला पहिला श्वास. मला फार बरं वाटलं होतं.

बदलापूरच्या पलीकडे डोंगरांची रांग आहे. त्यातल्या एका डोंगरातून रस्त्याचा लांबलचक बोगदा काढायचा होता. बोगदा कसा काढतात, ठाऊक आहे? समोरच्या कातळात ड्रिलने खोल भोकं पाडतात. त्यात सुरुंगाची दारू भरतात. सगळी माणसं लांब मागे येतात आणि मग डोंगर आतून हादरतो. धूर ओसरला की फुटलेला दगड डंपरमध्ये भरून बाहेर नेतात. छताला लोंबणारे सुटे दगड पहारीने पाडतात. उघड्या कातळात लोखंडी गज ठोकतात, त्यावर सिमेंटचा फवारा मारतात, आणि पुन्हा पुढच्या कातळापाशी उभे राहतात. दोन्ही बाजूंनी अशी माणसं आत येत राहतात. आड डोंगर असतो, ती एकमेकांना दिसत नाहीत, फक्त मोजमापावर विसंबून एकमेकांच्या दिशेने सरकत राहतात.

पण डोंगराला खिडक्या नसतात, मित्रांनो. आत जावं तसा धूर, धूळ आणि उकाडा वाढत जातो. म्हणून बोगद्याच्या तोंडापाशी एक राक्षसी पंखा असतो. तो बाहेरची ताजी हवा माझ्यात फुंकायचा, आणि मी ती छताला लटकत लटकत थेट कातळापर्यंत नेऊन सोडायचो. माझ्या तोंडाशी उभं राहून माणसं घाम वाळवायची. "अजगराने फुत्कार टाकला रे," असं म्हणून हसायची. तिथे सगळे मला अजगरच म्हणत.

या अजगराचा सांभाळ हरेशकडे होता. त्याच्या घरची शेती त्याच डोंगराच्या पायथ्याला होती. ती रस्त्यात गेली आणि त्याला बोगद्यात काम मिळालं. सुरुंगाच्या आधी माझं टोक मागे ओढून बांधायचं, सुरुंगानंतर पुन्हा पुढे न्यायचं, दगड लागून फाटलो तर ठिगळ लावायचं, हे त्याचं काम. म्हणजे स्फोटानंतर सगळ्यांच्या आधी आत जाणारा तो. इतरांना हवा मिळावी म्हणून तो पहिला धुरात शिरायचा. मला ठिगळ लावताना तो माझ्याशी बोलायचा. "दुखला का रं, बाला? झाला, झाला." माझ्याशी इतक्या मायेने आधी कुणी बोललं नव्हतं.

आता त्या डोंगराबद्दल सांगायला हवं. डोंगराच्या अलीकडे गावदेवीचं देऊळ आहे आणि पलीकडे तिच्या धाकट्या बहिणीचं. जत्रेच्या दिवशी थोरलीची पालखी डोंगर चढून, पलीकडे उतरून, धाकटीला भेटायला जाते. वाट अवघड आहे. म्हातारी माणसं अर्ध्या वाटेवरून हात जोडून माघारी फिरतात. हरेशची आई सखू तशीच किती वर्षं माघारी फिरत आली होती.

एक दिवस चहाच्या वेळी हरेशचा चुलतभाऊ धर्मेश, जो ड्रिल चालवायचा, एकदम म्हणाला, "ये जत्रंला देवी आई चढून जाणार नाय. सरल आतून जाणार. आपल्या हातच्या वाटंनी."

मग हरेशने नारळ आणला आणि बोगद्याच्या तोंडाशी फोडला. नवस झाला. जत्रेच्या आत डोंगर आरपार करायचा आणि थोरलीला आतून धाकटीकडे न्यायचं.

त्या दिवसापासून पोरांच्या अंगात वारं शिरलं. पण डोंगराने ऐकलं नाही. आत गारगोटीची एक पांढरीशुभ्र, टणक शीर लागली. ड्रिल घसरू लागलं. ड्रिल चालताना भोकात पाणी सोडायचं असतं, म्हणजे दगडाची पूड उडत नाही, चिखल होऊन खाली वाहते. पण त्या चिखलात पाय रुतायचे, तो उपसण्यात वेळ जायचा. मग एके दिवशी धर्मेशने पाण्याचा कॉक बंद केला. काम भराभर होऊ लागलं, आणि समोर पांढरं धुकं उभं राहिलं. सुरुंगानंतर धूर निघून जाईपर्यंत थांबायचं असतं. तेही थांबणं कमी झालं.

सुरक्षेचं बघणारी पद्मजा नावाची तरुण इंजिनीअर होती. ती धावत आली. "पाणी कुणी बंद केलं? धर्मेशदादा, ही गारगोटीची पूड आहे. छातीत गेली की निघत नाही. हरेश, तुझा मास्क कुठंय?"

"मास्क लावल्यावर गुदमरतंय, मॅडम."

"मास्क न लावता गुदमरशील!"

धर्मेश हसला. "मॅडम, तुमी पुन्याच्या. तुमाला नाय कलाचं. आपला डोंगर हाय ह्यो. घरच्या मानसाला घर मारतंय का कदी?"

तिने कॉक उघडला. ती गेल्यावर त्यांनी तो पुन्हा बंद केला. मोठ्या साहेबांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. बोगदा लवकर झाला तर त्यांनाही हवाच होता. मी तेवढा माझ्या परीने फुंकत राहिलो. पण मी हवा ढकलायचो आणि ती धूळ माझ्याच वाऱ्यावर गरगरत त्यांच्या तोंडावर यायची. हे दुःख मी कुणाला सांगू?

घरी मनालीने कपडे धुतले की बादलीत दुधासारखं पाणी व्हायचं. ती म्हणायची, "अहो, तोंडाला फडकं तरी बांधा."

"नवरी हाय का मी, तोंड झाकून फिराला?" हरेश तिलाच चिडवायचा.

आणि सखू? ती त्याचा शर्ट झटकूच द्यायची नाही. कॉलरवरची पांढरी पूड बोटावर घ्यायची, आधी त्याच्या कपाळाला लावायची, मग पाळण्यातल्या नातीच्या, रिद्धीच्या. "आईच्या डोंगराच्या पोटातला अंगारा हाय ह्यो," म्हणायची. मनालीच्या मनात यायचं, की ही पूड पुसून टाकावी. पण सासूच्या डोळ्यांतली श्रद्धा बघून तिचा हात मागे यायचा.

मग तो दिवस आला. शेवटचा सुरुंग उडाला, धूर हलला, आणि मित्रांनो, तो माझ्या वाऱ्याने हलला नव्हता. पलीकडून वारा आला होता. ओल्या गवताच्या वासाचा, पलीकडच्या गावाचा वारा. माणसं मोठ्याने ओरडली. धर्मेश आणि हरेश गळ्यात गळे घालून रडले. डोंगर आता आपला आपण श्वास घेत होता. मी छताला हळूहळू लुळा पडत गेलो.

जत्रेच्या दिवशी सकाळी साहेबांची परवानगी घेऊन पालखी आत आणली. काय सांगू ती शोभा! ढोलाचा आवाज कातळावर आपटून चौपट होऊन येत होता. खडबडीत भिंतींवर गुलाल उडत होता. पालखीचा दांडा हरेशच्या खांद्यावर होता. मागून सखू चालत होती, धापा न टाकता, सपाट वाटेने. पलीकडे पोचल्यावर दोघी बहिणींची भेट झाली तेव्हा ती लेकाला म्हणाली, "माज्या जल्माचं सोनं केलंस, बाला." हरेशला उत्तर द्यायचं होतं. पण त्याला खोकल्याची उबळ आली. सगळ्यांना वाटलं, गुलाल गेला असेल घशात.

पालखी त्या वाटेने तेवढी एकदाच गेली. पुढे बोगद्यात रस्ता झाला, दिवे लागले, छताला मोठे पंखे बसले आणि गाड्या धावू लागल्या. तोंडाशी पाटी आली, की आत पायी चालायला मनाई आहे. ते बरोबरच होतं, भरधाव गाड्यांत माणसांनी कसं चालायचं? पालखी पुन्हा डोंगर चढू लागली.

मला उतरवून भंगाराच्या ढिगात टाकलं होतं. हरेशने माझा एक तुकडा मागून घेतला आणि घरी आणला. "ह्यानं आमाला सांभाललंय," तो मनालीला म्हणाला. मला पडवीवर बांधायला तो शिडी चढला, आणि दोन पायऱ्यांवरच थांबला. छाती धरून, तोंड उघडं टाकून. खाली शिडी धरून उभी असलेली मनाली त्या दिवशी पहिल्यांदा घाबरली.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून दाखवला. फुप्फुसांत दगडाची पूड बसली आहे आणि तिच्याभोवती गाठी झाल्या आहेत. "ती काढता येत नाही," ते म्हणाले. "सांभाळायचं. बस्स." सांभाळायचं कसं, हे त्यांनी खाली बघत सांगितलं.

धर्मेश गेल्या दिवाळीत गेला. हरेशला त्याच्या अंत्ययात्रेत चालता आलं नाही. तो इथेच, माझ्याखाली बसून होता. "मम्मीला सांग, मी बरा हाय," असं त्याने रिद्धीला सांगितलं, आणि तेवढ्या बोलण्यानेही त्याचे ओठ निळसर झाले.

आज जत्रा आहे. सगळी आळी डोंगराकडे गेली आहे, म्हणून एवढी शांतता. भाकरी तव्यावर करपल्याचा वास आला तरी मनाली उठली नाही. वारा घालतच राहिली.

तेवढ्यात सखू परतली. अर्ध्या वाटेवरून हात जोडून फिरली होती. तिच्या हातात देवीच्या अंगाऱ्याची पुडी होती. लेकासमोर उभी राहून तिने ती उलगडली. चिमूट घेतली. हात त्याच्या कपाळापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. तिच्या बोटांत ती बारीक, पांढरट पूड होती. ती पुडीकडे पाहत राहिली, मग त्याच्या वरखाली होणाऱ्या बरगड्यांकडे. हळूच तिने चिमूट परत पुडीत टाकली, पुडी पदराच्या गाठीत घट्ट बांधली आणि उंबऱ्यावर बसली. मनालीने उठून तिला पाणी दिलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

मित्रांनो, कधीतरी तुम्ही गाडीतून एखाद्या लांब बोगद्यातून जाल. काचेवरून दिव्यांची रांग सरसर जाईल, तुम्ही मजेने ओरडाल. जरूर ओरडा. पण त्या गुळगुळीत भिंतीमागे कुणाकुणाचा श्वास चिणला गेला आहे, हेही क्षणभर आठवा. आणि तुमच्या घरापाशी कुणी कोरडा दगड कापताना, लादी घासताना दिसला, तर त्याला सांगा, दादा, पाणी मार, तोंड बांध. तो हसेल. तो हसला म्हणून तुम्ही गप्प बसू नका. देवाच्या नावाने घाई करत असेल तर सांगा, की देवाला कसलीच घाई नसते, घाई माणसाला असते. मला हे तेव्हा सांगता आलं नाही. मला फक्त फुंकता येत होतं.

रिद्धी इतका वेळ खाटेच्या पायाशी बसून खेळत होती. आता ती उठली. बापाच्या उघड्या तोंडाकडे तिने बराच वेळ पाहिलं. मग मान उंच करून माझ्याकडे पाहिलं, माझ्या एकेका ठिगळावरून तिची नजर फिरली. मनालीच्या गाउनला धरून तिने हळू आवाजात विचारलं,

"मम्मी, याला परत शिवून, तो मोठा पंखा लावला, तर हवा पप्पांच्या आतपर्यंत पोचेल का गं?"